मला भाकस धरायला कुणी शिकवलं

हवालदार, तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणायला मला तुमच्या मरणापर्यंत थांबावं लागलं. तुम्ही माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, लढाई पाहून आलेले, आणि मी नाक्यावरचा नवशिका कारकून. तरी मी ‘काय रे हवालदार’ म्हणायचो आणि तुम्ही ‘जी भाऊसाहेब’ म्हणायचात. गावात तशीच रीत होती आणि मी फक्त रीत पाळत होतो, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. आज एकटा बसून तुमच्याशी बोलतोय तर तोंडातून आपसूक ‘तुम्ही’ येतंय. ऐकायला तुम्ही समोर नाहीत म्हणून ते एवढं सोपं जातंय की काय, अशी मला शंका आहे.

तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. तुमच्या आयुष्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ असेल, पण ते तुमच्या माणसांनी सांगावं. माझ्या वाट्याला तुमची दोन वर्षं आली, वेळासच्या समुद्राकाठच्या पुळणीवरची, आणि एक दुपार आली, आपल्या गावच्या चावडीवरची. त्या दुपारी मी जे बोललो त्यामुळे त्या दोन वर्षांबद्दल तोंड उघडायची मला आजवर लाज वाटत आली.

आपण एकाच गावचे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी, माझं घर आणि तुमचा महारवाडा यांच्यामध्ये दोन शेतं आणि एक ओढा. तिथेच राहिलो असतो तर जन्मभरात आपलं चार वाक्यांपलीकडे बोलणं झालं नसतं. पण सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटजवळच्या जकात नाक्यावर मला कारकुनी मिळाली आणि तिथल्या पहाऱ्यावर तुम्ही आधीपासून होतात. नाक्यावर काम थोडं आणि दिवस मोठा. कोळ्यांची बोली मला निम्मी कळायची नाही. गावाकडचं माणूस म्हणून मला तुमचा आधार वाटायचा, आणि तो वाटतो हे मी तुम्हाला कळू द्यायचो नाही. तुम्हाला ते कळलंच असणार.

पहिल्यांदा तुम्हाला मासा धरताना पाहिलं तेव्हा मला वाटलं, लढाईत या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. भरती नुकती लागली होती. तुम्ही लाटांत गुडघाभर पाण्यात उभे. डाव्या हातात बिस्किटांचा रिकामा गोल डबा, त्यावर दोरी गुंडाळलेली, आणि उजव्या हातानं त्या दोरीच्या टोकाचा एक चमचा तुम्ही डोक्याभोवती गरगर फिरवत होतात. मग चमचा सुटला, डब्यावरून दोरी सरसर सुटत गेली आणि फुटणाऱ्या लाटेच्या पलीकडे चमचा बुडाला. पुळणीवर मासळी वाळत घालणाऱ्या कोळणी पदर तोंडाला लावून हसत होत्या. समुद्राला भात वाढतोय, असं त्यांच्यातली एक म्हणाली. तुम्ही दोरी हळूहळू ओढत मागे मागे येत राहिलात, आणि एका लाटेबरोबर वाळूवर सरकत आला तो ताटाएवढा भाकस. चपटा, वाळूच्याच रंगाचा, दोन्ही डोळे एकाच बाजूला आणि तोंडात हे एवढाले दात. कोळणींचं हसणं तिथेच थांबलं.

ती विद्या तुम्ही लढाईत बसऱ्याकडे शिकला होतात. तिथे तुम्ही एका साहेबाचे अर्दली होतात. साहेब खाडीच्या तोंडाशी चमचा टाकायचा आणि मागे डबे सांभाळत तुम्ही पाहत राहायचात. साहेबाला मासे कमी आणि शिव्या जास्त सुचायच्या, असं तुम्ही सांगायचात. पलटण परत निघाली तेव्हा मेसमधला एक मोडका चमचा तुम्ही खिशात घालून आणलात. दांडी कापली, दोन्ही टोकांना भोकं पाडली, एकीकडे दोरी आणि दुसरीकडे गळ. आळी नाही, कोळंबी नाही, काही नाही. नुसता चकाकणारा चमचा, आणि मासा तो छोटी मासळी समजून धरतो.

मला शिकव, असं काही मी म्हणालो नाही. ‘दाखव रे जरा’ म्हणालो. तुम्ही दाखवलंत. भाकस पोहत फिरत नाही, तो वाळूत अंग पुरून पडून राहतो, म्हणून चमचा तळाला लागला पाहिजे आणि वाळू उडवत सरकला पाहिजे. दोन हात ओढायचं, थांबायचं, पुन्हा दोन हात. एका जागी उभं राहून दिवस घालवायचा नाही, दहा पावलं चालायचं आणि टाकायचं. दोन लाटांच्या मध्ये पाणी जिथे काळसर दिसतं तिथे खड्डा असतो, मासा तिथे असतो. मी भर ताकदीनं लांब फेकायचो आणि तुम्ही मान हलवायचात. तुम्ही म्हणायचात, मासा तुमच्या पायाशी पडलाय आणि तुम्ही आफ्रिकेला चमचा धाडताय.

हे सगळं लांबून. तुम्ही डबा वाळूवर ठेवायचात आणि बाजूला व्हायचात, मग मी तो उचलायचो. माझं झालं की मी ठेवायचो, बाजूला व्हायचो, आणि तुम्ही उचलायचात. कुणी ठरवलं नव्हतं. गावापासून इतक्या लांब, आपल्या दोघांशिवाय गावचं पाहणारं कुणी नाही, तरी ते अंगवळणी पडलेलं होतं.

पण एक गोष्ट अशी होती की ती लांबून शिकवता येईना. भाकस हिसका देत नाही. तो चमचा तोंडात धरतो आणि पडून राहतो, दोरीला नुसता जडपणा येतो. तो जडपणा दगडाचा, शेवाळाचा की माशाचा, हे बोटांना कळावं लागतं. मला ते महिनाभर कळलं नाही. मी दगडाला झटके द्यायचो आणि मासा आला की वाट पाहत बसायचो. शेवटी एके दिवशी तुम्ही चमच्याचं टोक हातात घेतलंत आणि कमरेइतक्या पाण्यात शिरलात. डबा माझ्या हातात. ‘डोळं मिटा भाऊसाहेब,’ तुम्ही ओरडून म्हणालात, ‘आता मी दगड हाय.’ आणि तुम्ही दोरी घट्ट धरून उभे राहिलात. मग म्हणालात, आता शेवाळ. मग खेकडा. आणि मग काही न सांगता तुम्ही भाकस झालात.

माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते सांगतो. दोरी सुताची होती, भिजलेली होती, आणि तिचं दुसरं टोक तुमच्या मुठीत होतं. मी डोळे उघडले आणि विचारलं, ‘दोरीतनं विटाळ येतो का रे?’ विचारलं, हवालदार. तुम्ही मला मासा कसा असतो ते स्वतः मासा होऊन दाखवत होतात आणि मी ते विचारलं. तुम्ही रागावला नाहीत. लाटेनं तोंडात आलेलं पाणी थुंकलंत आणि म्हणालात, ‘आपण दोगंबी समुद्रात हाव, भाऊसाहेब. समुद्राला काय लागत नाय.’

मला ते पटलं, म्हणजे पुळणीवर असेपर्यंत पटलं. खोलीवर आलो आणि पुन्हा मन खायला लागलं. अंघोळ केली. तेवढ्यानं भागेना म्हणून शेजारच्या गोठ्यातून गोमूत्र आणलं आणि डब्यावरची दोरी त्यात बुडवून काढली, चांगली तीनदा. तो डबा त्या आठवड्यात मी माझ्याकडे ठेवून घेतला होता. दुसऱ्या दिवशी आपण गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो, मासा चमच्याच्या जवळ फिरकेना. तुम्हाला कळेना काय झालं. तुम्ही पाणी पाहिलंत, वारा पाहिलात, मग मी वाळूवर ठेवलेला डबा उचललात आणि दोरी नाकाशी नेलीत. मी समुद्राकडे पाहत राहिलो. ओली वाळू मुठीत घेऊन तुम्ही त्या दोरीचा हातभर हातभर भाग घासत राहिलात, घासायचात आणि खारट पाण्यात खळबळायचात, आणि सगळी दोरी झाल्यावर पुन्हा डब्यावर गुंडाळून माझ्यासमोर ठेवून बाजूला झालात. एवढंच म्हणालात की माशाचं नाक माणसापेक्षा तिखट असतं.

त्याच दुपारी मला पहिला भाकस गावला. दोरी जड झाली आणि मला बोटांतून कळलं की हा दगड नाही. मी वाट पाहत थांबलो नाही, श्वास रोखून मागे मागे चालत आलो आणि तो लाटेबरोबर वाळूवर आला. मी इतका आनंदलो की तुमचा खांदा धरायला निघालो होतो. हात अर्ध्यावर थांबला. तुम्ही तो पाहिलात आणि लगेच वाकून माशाच्या तोंडातला गळ काढायला लागलात, म्हणजे मला अवघडायला नको. माझी लाज तुम्ही अशी नेहमी माझ्याआधी ओळखायचात.

आपला एक वाद मात्र राहूनच गेला. मी म्हणायचो की आळी लावून मासा धरणं सरळ आहे, मरतानाही त्याच्या तोंडाला काही लागतं. चमचा म्हणजे निव्वळ फसवणूक. तुम्ही म्हणायचात की फसवणूक दोन्हीकडे आहे, चमच्यानं निदान आळी तरी वाचते.

मग माझी महाडला बदली झाली, तुमची नाक्यावरची नोकरी संपली आणि तुम्ही गावी आलात. चवदार तळ्याचं पाणी प्यायला तुमची माणसं महाडला जमली, त्यांत तुम्ही होतात. पाणी पिऊन परतताना जी मारहाण झाली तीत तुमच्या उजव्या खांद्यावर काठी बसली. मी त्या दिवशी घरात होतो, दार लावून. नंतर तळं शुद्ध करायला शेण-गोमूत्राच्या घागरी ओतल्या गेल्या, ते पाहायला मात्र मी गेलो. काठावर उभा राहिलो आणि मला ती दोरी आठवली, तीनदा बुडवलेली. तिथे मी कुणापेक्षा वेगळा नव्हतो.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी आपल्या गावात चावडीवर बैठक बसली. तळ्यावर गेलेल्यांना शेतावर बोलवायचं नाही, त्यांच्याशी व्यवहार ठेवायचा नाही, असं ठरत होतं. तुम्ही आणि तुमची माणसं खाली अंगणात उन्हात उभी होती आणि मी वर, खांबाला टेकून, सुटीवर आलेला सरकारी कारकून. तेवढ्यात वर बसलेल्यांतला धोंडू उठला. तो मुंबईला गिरणीत कामाला, बोटीनं येताना एकदा बाणकोटला उतरला होता. तो म्हणाला की बाकीच्यांना बोल लावता आणि आपल्या भाऊसाहेबांना कोण विचारणार? भाऊसाहेब आणि हवालदार चमच्यानं मासे धरत एका पाण्यात उभे होते आणि एकच दोरी दोघांच्या हातात होती, आपण डोळ्यानं देखलं.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पाटलांनी विचारलं की ही चमच्याची विद्या मला कुणी शिकवली. खरं सांगितलं असतं तर माझं काय झालं असतं? पंगतीतून उठवलं असतं, बहिणीचं लग्न ठरत होतं ते कदाचित मोडलं असतं. बस, एवढंच. तुमच्या खांद्याइतकंही नाही. मी म्हणालो, ‘नाक्यावर एक गोरा साहेब यायचा, त्याच्याकडून शिकलो. हा नुसता डबा उचलायला असायचा.’

धोंडू हसला. पाटलांनी मग खाली पाहून तुम्हाला विचारलं, काय रे गोंद्या, खरं काय ते सांग. तुम्ही मान वर केलीत, माझ्याकडे पाहिलंही नाहीत, आणि म्हणालात, ‘खरं हाय पाटील. भाऊसाहेबांचं बगून बगून मीच शिकलो. त्यांनी मना कदी दोरीला हात लावू दिला नाय.’

त्यानंतर बैठक तासभर चालली, तुमच्या माणसांवर बहिष्कार पडला, आणि मी खांबाला टेकून तसाच उभा होतो.

तुम्ही असं का केलंत? हे विचारायला मला सात-आठ वर्षं मिळाली होती. पेन्शन तुमची, लढाई तुमची, खांदा तुमचा, आणि वाचवायला तुम्हाला मीच सापडलो. पुष्कळदा मला तुमचा रागही आला. वाटायचं, तुम्ही खरं बोलला असता तर माझं जे व्हायचं ते होऊन गेलं असतं आणि मी मोकळा झालो असतो. स्वतःचं ओझं तुमच्या माथी मारायचा हा आणखी एक प्रकार, हे मला आता दिसतं.

त्या खोट्याचं पुढे चांगलं बस्तान बसलं. महाडच्या खालच्या खाडीत मी चमच्यानं जिताडा धरायला लागलो आणि लोक मला ‘चमचेवाले भाऊसाहेब’ म्हणायला लागले. वकील, मामलेदार कचेरीतले लोक शिकायला यायचे. त्यांना मी साहेबाची गोष्ट सांगायचो. साहेबाला हळूहळू भुरी मिशी आली, तोंडात पाइप आला. तुमचंच वाक्य, आफ्रिकेला चमचा धाडण्याचं, मी साहेबाच्या तोंडी घातलं होतं आणि लोक हसायचे.

एकदा तुम्ही बाजाराला लाकडाची मोळी घेऊन चालला होतात. मी वकिलांबरोबर खाडीच्या काठी उभा, तास झाला तरी काही लागत नव्हतं. तुम्ही रस्त्यावर थांबलात, मोळी डाव्या खांद्यावर होती. ‘भाऊसाहेब, ओहोटी लागली. खालच्या अंगाला टाका,’ एवढं बोलून चालू लागलात. वकिलांनी विचारलं, हा कोण? गावचा आहे, म्हणालो. खालच्या अंगाला टाकल्यावर जिताडा लागला, हवालदार. तो वकिलांच्या घरी गेला आणि त्यांनी माझी फार तारीफ केली.

तुम्ही तापानं गेलात तेव्हा मी गावातच होतो. नोकरी सुटल्यापासून इथेच असतो. ओढ्यापलीकडून रडण्याचा आवाज आला आणि मला कळलं, पण मी उठलो नाही. बारा दिवस रोज उठायचं ठरवत होतो. तेराव्या दिवशी, दिवसाढवळ्या, ओढा ओलांडून तुमच्या अंगणात गेलो. तुमच्या घरच्या, सगुणाबाई, भांडी घासत होत्या. चार-पाच माणसं होती. सगुणाबाई हात पुसत म्हणाल्या की बसा म्हणायची सोय नाही, तुमची माणसं आमच्याकडे बसत नाहीत. मी उभ्यानंच सांगितलं. साहेब वगैरे कुणी नव्हता, मला तुमच्या धन्यांनीच शिकवलं, चावडीवर मी खोटं बोललो. बोलताना मनात कुठेतरी असंही आलं की आता ही बाई रडेल, मला माफ करेल, आणि माझं हलकं होईल.

त्या रडल्या नाहीत. त्यांनी परात पालथी घातली आणि म्हणाल्या, ‘आमाला कशापायी सांगता, भाऊसाहेब? आमाला ठाव हाय. ज्यांना ठाव नाय त्यांना सांगा.’

मी परत निघालो. वाटेत चावडी लागते. कट्ट्यावर पाटील होते, मास्तर होते, गिरणी सोडून आलेला धोंडूही होता. पाटलांनी विचारलं, ओढ्याकडून कुठून आलात? पायाला चिखल होता, तो त्यांनी पाहिलाच होता. सगुणाबाईंचे शब्द अजून कानात होते, ओढा ओलांडून शंभर पावलंही झाली नव्हती. मी म्हणालो, ‘नदीवर गेलो होतो.’ काय गावलं, असं धोंडूनं विचारलं. काही नाही, म्हणालो, आणि घरी आलो.

तेव्हा तोंडानं मला हे जमणार नाही, हे नक्की झालं. म्हणून लिहायला बसलो. महाडहून जे साप्ताहिक निघतं त्याचा आपल्या गावात एकच अंक येतो. मास्तर तो शनिवारी चावडीवर मोठ्यानं वाचतात आणि ज्यांना अक्षर येत नाही ते सगळे ऐकायला बसतात. हा मजकूर मी तिकडे पाठवतोय, खाली माझं पूर्ण नाव घालून. संपादकांना लिहिलंय की एक शब्द गाळू नका. छापला तर शनिवारी मी जेवून लवकर चावडीवर जाईन आणि त्याच खांबाला टेकून बसेन. हवालदार, घरातून निघेपर्यंत माझी खात्री देता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. पण एकदा छापून आलं की मी तिथे असलो काय आणि नसलो काय, मास्तरांचं वाचन थांबत नाही.

मास्तर, तुम्ही इथवर आला असाल तर आवाज उतरवू नका, पुढचं स्पष्ट वाचा. मला चमच्यानं मासा धरायला आपल्या गावच्या गोविंद हवालदारांनी शिकवलं. आम्ही दोघे एका पाण्यात होतो आणि दोरीचं एक टोक त्यांच्या हातात होतं, दुसरं माझ्या. धोंडू खरं बोलला होता. हवालदार माझ्यासाठी खोटं बोलले, आणि मी माझ्यासाठी. आता वाचन थांबवा आणि खांबाकडे पाहा. मी तिथे बसलेला असेन तर पाटलांना सांगा, त्या दिवशीचा प्रश्न मला पुन्हा एकदा विचारा.